मोटारीचे जोडे

माणसाच्या पायांतला जोडा चावूं लागला म्हणजे तें त्याला तत्काळ कळतें. परंतु मोटारीच्या पायांतले जोडे बिघडले असतां ते नेमके कोणाला चावत आहेत, हें कळावयास आमच्यासारख्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबालाहि दोन वर्षें लागलीं. ही कबुली आरंभींच देऊन टाकलेली बरी. पुढें टायरांविषयीं जें थोडेंबहुत ज्ञान आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों, तें हौसेनें मिळविलेलें नसून एका चुकीची भरपाई म्हणून मिळविलेलें आहे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. वडील, म्हणजे आमचे दादा, थोरले बंधू, वहिनी, आम्ही उभयतां आणि दोन्ही घरचीं मुलें, अशीं आठ पानें रोज रात्रीं एका पंक्तीला असतात. २०२० सालीं बंधूंनीं तीन वर्षें वापरलेली एक जर्मन बनावटीची मोठी मोटार घेतली. नवी घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि जुनी घेण्याची तशी निकडहि नव्हती; पण दादांची पाठ दुखते, त्यांना बसावयास चांगली गाडी हवी, या सबबीवर ती घरांत आली. एकत्र कुटुंबांत प्रत्येक चैन कोणा तरी वडील माणसाच्या प्रकृतीचें निमित्त करून येते, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस असेल.

ही गाडी उभी असतां जितकी शांत दिसे, तितकी चालतांना शांत नव्हती. ताशीं साठ किलोमीटरपर्यंत ठीक. ऐंशीच्या पुढें गेली कीं खालून एक अखंड घुमारा सुरू होई. पिठाच्या गिरणीशेजारीं राहणाऱ्यास गिरणीचा आवाज कांहीं दिवसांनीं ऐकूं येईनासा होतो, तसा तो आम्हांलाहि ऐकूं येईनासा झाला. कऱ्हाडास आमची बहीण असते. टाळेबंदीचे महिने सोडले, तर दर दोन-तीन महिन्यांनीं तिच्याकडे जाणें होई. दादा पुढच्या आसनावर बसत व मधूनमधून कांहीं बोलत. आम्ही मागून ‘हो, हो’ म्हणत असूं. पुढें पुढें ते बोलेनासेच झाले. खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसत. दादा हल्लीं फार अबोल झाले, असें आम्ही आपसांत म्हणूं लागलों, आणि त्याचें कारण वय, असा निकाल देऊन मोकळेहि झालों.

२०२२ च्या जुलैंत असेच कऱ्हाडास निघालों होतों. पाऊस संततधार लागलेला. पुतण्या गाडी चालवीत होता. खंबाटकीचा घाट उतरतांना एका वळणावर गाडीचें मागचें अंग हळूच बाहेरच्या बाजूला सरकलें. गाडीच्या पोटांत जी तोल सांवरणारी यंत्रणा असते ती जागी होती, म्हणून क्षणार्धांत सारें पूर्ववत् झालें. कोणी कांहीं बोललें नाहीं. वहिनींनीं मांडीवरचा डबा दोन्ही हातांनीं घट्ट धरला होता, आणि पुढें कऱ्हाड येईपर्यंत तो तसाच धरलेला होता, एवढें स्मरतें.

पुण्यास परत आल्यावर गाडी एका मोठ्या दुरुस्तीगृहांत नेली. तेथील गृहस्थांनीं गाडीचा घुमारा ऐकून चाकाचें बेअरिंग गेलें असा निर्णय दिला, बेअरिंग बदललें व भक्कम बिल हातीं ठेवलें. घुमारा मात्र होता तसाच राहिला. मग कोणीसें सांगितल्यावरून नाना पेठेंतल्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलों. हा गृहस्थ कोणतेंहि यंत्र न लावतां प्रथम गाडींत बसला. दादाहि त्या दिवशीं बरोबर होते. मोकळ्या रस्त्यावर त्यानें गाडी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे झुकवावयास सांगितली. आवाज बदलला नाहीं. खरखरीत डांबरावरून गाडी नव्या गुळगुळीत डांबरावर गेली. आवाज लगेच उतरला. “बेअरिंगचा आवाज झुकण्यावर बदलतो, टायरचा रस्त्यावर बदलतो,” तो म्हणाला. मग खालीं उतरून त्यानें आमचा तळवा धरला व टायरावरून फिरविला. एका दिशेनें फिरविला तर टायर गुळगुळीत; उलट फिरविला तर करवतीचे दात लागावे तसे हाताला लागले. चाकांची सरळ रेषा बिघडलेली, हवा वेळच्या वेळीं न पाहिलेली, चाकांची अदलाबदल न केलेली. त्यामुळें रबराचा प्रत्येक ठोकळा एका कडेनें अधिक झिजला होता. शिवाय मागच्या टायरांच्या खांचा अवघ्या तीन मिलिमीटर उरल्या होत्या. नव्या टायराची खांच सुमारें आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याप्रमाणें ती १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. परंतु पावसाचें पाणी बाजूला फेंकण्याची तिची शक्ति त्याच्या पुष्कळ आधीं ओसरते. घाटांतील त्या वळणाचा उलगडा झाला.

निघतांना मिस्त्रीनें सहज विचारलें, “साहेब, एवढ्या घुमण्यांत आजोबांना तुमचं बोलणं ऐकूं येतं का हो?”

या प्रश्नानें आम्ही जे गप्प झालों, ते घरीं येईपर्यंत. दादा कानांत यंत्र घालतात. उतारवयांत प्रथम जाते ती उंच स्वरांची श्रवणशक्ति, आणि बोलण्यांतील त, स, क, फ यांसारख्या व्यंजनांचा ठसा बहुतेक त्या उंच स्वरांतच असतो. म्हणून वृद्ध माणसें म्हणतात, आवाज येतो पण शब्द कळत नाहीं. त्यांत खालच्या पट्टींतला एखादा घुमारा सारखा चालू असला, तर तो वरच्या पट्टीचें उरलेंसुरलें बोलणेंहि झांकून टाकतो. कानांतलें यंत्र बोलण्याबरोबर घुमाराहि वाढवितें. म्हणजे ज्यांच्या सुखासाठीं म्हणून ही गाडी घरांत आली, त्यांनाच आम्हीं तींत बसवून दोन वर्षें बहिरें केलें होतें!

रात्रीं जेवणानंतर टायरांची परिषद भरली. पुतण्याचें मत स्पष्ट होतें: वळणावर रस्ता घट्ट धरणारे, क्रीडेच्या जातीचे टायर घ्यावे. मिशेलिनचा ‘पायलट स्पोर्ट’, ब्रिजस्टोनचा ‘पोटेंझा’, कॉन्टिनेंटलचा ‘स्पोर्टकॉन्टॅक्ट’ अशीं नांवें त्याच्या जिभेवर होतीं. वहिनी म्हणाल्या, “दादांना ऐकूं आलं पाहिजे आणि घाटांत गाडी सरकतां कामा नये. बाकी तुमचं कांहींहि घ्या.” बायकांना यांतलें कांहीं कळत नाहीं असें समजणाऱ्यांनीं हें वाक्य पुन्हां वाचावें, टायर निवडण्याचें सारें शास्त्र त्यांत आलें आहे.

तें शास्त्र थोडक्यांत असें. टायराच्या तळव्यावर रबराचे शेंकडों ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. खांचांत कोंडलेली हवा दाबली जाते व ठोकळा उचलतांच फट्कन् सुटते. हे सर्व ठोकळे एकाच लांबीचे असते, तर सर्वांचे ठोके मिळून एकच सूर धरता आणि गाडी शिटी घालीत गेली असती; म्हणून ते मुद्दाम कमीजास्त लांबीचे करतात, कीं सूर फुटून त्याची नुसती कुजबूज व्हावी. झिजून करवत झाली कीं ही सारी योजना वाया जाते. याखेरीज टायराच्या पोकळींतील हवाहि घुमते, सेकंदाला सुमारें दोनशे आवर्तनांनीं. तें घुमणें दाबण्यासाठीं कांहीं टायरांना आंतून स्पंजासारखा फेस चिकटविलेला असतो. आतां ठोकळे मऊ, बारीक चिरांचे व कुशी लवचिक केल्या, तर आवाज व हादरे कमी होतात. पण वळतांना रबर अंग चोरतें व गाडी आज्ञा उशिरां पाळते. ठोकळे मोठे व कुशी ताठ केल्या तर आज्ञा तत्काळ पाळली जाते, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. गादी मऊ हवी आणि पाठीला आधारहि हवा, अशी ही अडचण आहे. मिशेलिनचा ‘प्रायमसी’, ब्रिजस्टोनचा ‘तुरान्झा’, योकोहामाचा ‘अॅडव्हान डीबी’ हे शांत प्रवासाच्या जातीचे टायर या दोहोंचा मेळ घालूं पाहतात.

पुतण्याला आम्हीं विचारलें, “त्या वळणावर आपण सरकलों, ते टायर क्रीडेच्या जातीचे नव्हते म्हणून, कीं झिजलेले होते म्हणून?” मुलगा प्रामाणिक. म्हणाला, “झिजले होते म्हणून, काका.” कोरड्या रस्त्यावर विजेसारखें वळणें ही आमची गरज नव्हतीच, ओल्या रस्त्यावर न सरकणें ही होती. आणि रबरांत सिलिका मिसळण्याची पद्धत १९९० नंतरच्या दशकांत रूढ झाल्यापासून शांत जातीचे चांगले टायरहि ओल्या रस्त्याला उत्तम धरतात. येथें काकांचा व पुतण्याचा समेट झाला.

मग टायराच्या कुशीवरील अक्षरें वाचण्याचा आमचा अभ्यास सुरू झाला. आमच्या टायरावर २२५/५० आर १७ ९४ डब्ल्यू असें होतें. २२५ म्हणजे मिलिमीटरांत रुंदी. ५० म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा पन्नास. ‘आर’ म्हणजे आंतले धागे त्रिज्येच्या दिशेनें घातलेले. १७ म्हणजे आंतल्या चाकाचा इंचांत व्यास. ९४ हा भाराचा अंक. त्याचा अर्थ प्रत्येक टायरानें ६७० किलो पेलावे. शेवटचा ‘डब्ल्यू’ म्हणजे ताशीं २७० किलोमीटरपर्यंत वेग सोसण्याची शक्ति. हें ऐकून वहिनींनीं विचारलें, “भावजी, दोनशें सत्तरनं जाणार कोण आहे? त्याहून स्वस्त नाहीं का मिळत?” प्रश्न रास्त होता. परंतु हें अक्षर वेगाची परवानगी नसून उष्णता व ताण सोसण्याच्या ताकदीची खूण आहे, आणि गाडीच्या कारखान्यानें सांगितल्याहून कमी भाराचा किंवा कमी वेगाचा टायर घालणें म्हणजे मोठ्या माणसाला लहान मुलाच्या वहाणा घालण्यासारखें आहे. अधिक रुंद टायर घ्यावे, ते दिसावयास भारदस्त दिसतात, असें एका दुकानदारानें सुचविलें. पण रुंदी वाढली कीं बहुधा आवाजहि वाढतो, म्हणून तो मोह टाळला.

आवाजाचे आंकडेहि पाहिले. युरोपांत विकावयाच्या टायरावर एक चिठ्ठी लावावी लागते; तिचें नवें रूप १ मे २०२१ पासून लागू झालें. तींत इंधनाची बचत व ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए पासून ई पर्यंत श्रेणी असते, आणि आवाज डेसिबेलांत दिलेला असतो. तीन डेसिबेलांचा फरक म्हणजे ध्वनीची शक्ति दुप्पट, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. परंतु येथें एक खांच आहे. हा आवाज रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला किती येतो तें मोजलेलें असतें. गाडीच्या आंत बसलेल्या आमच्या दादांना किती येईल तें नव्हे. म्हणून चिठ्ठीवरून आम्हीं ओल्या पकडीची श्रेणी तेवढी घेतली. आंतल्या शांततेविषयीं मात्र तसलीच गाडी चालविणाऱ्या दोन परिचितांच्या गाड्यांत बसून आपल्या कानांनीं खात्री केली.

आणखी एक पेंच होता. आमचे मूळचे टायर हवा गेली तरी चालत राहणाऱ्या जातीचे होते. त्यांच्या कुशी इतक्या ताठ असतात, कीं पंक्चर झाल्यावरहि ताशीं ८० च्या वेगानें सुमारें ८० किलोमीटर जातां येतें. सोय मोठी, पण त्या ताठ कुशींमुळेंच गाडी कडक चालते. साधे टायर घातले तर शांतता मिळेल, पण या गाडींत जादा चाकाला जागाच ठेवलेली नाहीं. रात्रीं घाटांत पंक्चर झालें तर? बंधूंनीं यावर पुष्कळ विचार केला, आणि अखेर हवा भरण्याचा लहान पंप, पंक्चर काढण्याचें साहित्य व एक जादा चाक घेऊन तें सामानाच्या जागेंत बांधून टाकलें. त्यामुळें बहिणीकडे न्यावयाच्या लोणच्याच्या बरण्यांची जागा गेली. तें दुःख वहिनींनीं सोसलें.

खर्च सांठ हजारांच्या घरांत जाणार होता, म्हणून आधीं दोनच टायर घ्यावे असेंहि निघालें. तेव्हां मिस्त्रीनें सांगितलें, कीं दोनच घेतले तर नवे मागें घालावे. आमची समजूत उलट होती. वळविणारीं चाकें पुढचीं, तेव्हां चांगले जोडे त्यांना! परंतु पुढचीं चाकें सरकलीं तर वेग उतरतांच गाडी पुन्हां ताब्यांत येते. मागचीं सरकलीं तर गाडी स्वतःभोंवतीं फिरते, आणि तें सांवरणें सामान्य चालकाच्या हातचें नसतें. हें आम्हांला निराळें समजाविण्याची गरज नव्हती. करवत चारी टायरांना लागली होती, म्हणून चारी बदलावयाचें ठरलें.

पैसे हातांत असूनहि पुढें पांच आठवडे वाट पाहावी लागली. जून २०२० मध्यें सरकारनें परदेशी टायरांच्या आयातीवर परवान्याचें बंधन घातलें. तेव्हांपासून मोठ्या गाड्यांचीं कांहीं मापें बाजारांत दुर्मिळ झालीं होतीं. एका दुकानांत हवा तो टायर मिळाला, नवा कोरा, वेष्टणांतला. पण कुशीवरचे शेवटचे चार अंक होते ०९१९. म्हणजे २०१९ सालच्या नवव्या आठवड्यांत झालेला. रबर वापरलें नाहीं तरी म्हातारें होतेंच, हळूहळू कडक होतें. “गोदामांत सांवलींत होता,” दुकानदार म्हणाला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलों. अखेर २६२२ असे अंक असलेले चार टायर मिळाले. चाकांचा तोल व रेषा मिस्त्रीनें उभें राहून करून घेतली. नव्या रबरावर सांच्यांतला बुळबुळीतपणा राहिलेला असतो, म्हणून पहिले दोन-तीनशें किलोमीटर पुतण्यानें गाडी नव्या सुनेसारखी जपून चालविली.

या वाट पाहण्याच्या दिवसांत एक गोष्ट वाचनांत आली. हवेचा टायर प्रथम सुचला तो रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉट गृहस्थाला, १८४५ सालीं; पण त्याचा प्रसार झाला नाहीं. पुढें जॉन बॉयड डनलॉप या पशुवैद्यानें बेलफास्ट शहरांत तो १८८७-८८ च्या सुमारास पुन्हां शोधून काढला, आणि तो आपल्या लहान मुलाच्या तीन चाकी सायकलीसाठीं! टणक चाकांवर मुलाला हादरे बसतात, हें बापाला पाहवलें नाहीं. साऱ्या जगाच्या मोटारी ज्यावर धांवतात तो हवेचा टायर असा बापानें मुलासाठीं केला. मुलांनीं बापासाठीं टायर निवडण्यास दोन वर्षें उशीर लावला, ही आमची गोष्ट त्यापुढें कांहीं भूषणाची नाहीं.

त्या वर्षीं भाऊबीजेला आम्ही कऱ्हाडास निघालों. शिंदेवाडी मागें पडली, गाडी नव्वदावर गेली, आणि आंत इतकी शांतता झाली कीं मागच्या डब्यांतल्या चकल्या खुळखुळलेल्या ऐकूं आल्या. घाट उतरलों. सुरूरचा फांटा जवळ येतां दादा आपल्या नेहमींच्या आवाजांत म्हणाले, “इथून वाई जवळच. आक्काला भेटून जाऊं या का रे?”

आम्हांला शब्द न् शब्द ऐकूं आला, आणि म्हणूनच तोंडून एकदम ‘हो’ निघाला नाहीं. दादा थोडे थांबले व म्हणाले, “नाहीं म्हटलंत तरी चालेल. दर वेळीं विचारायचों. तुम्ही हो म्हणायचांत आणि गाडी पुढं जायची. तुमच्या मनांत अजून जुनं असेल, असं समजून मग मीच विचारायचं सोडलं.”

जुनें म्हणजे वाईच्या घराची वांटणी. तीस वर्षांपूर्वीं तीवरून दोन घरांत बोलाचाली झाली होती. आम्ही ती केव्हांच विसरलों होतों. पण आम्ही विसरलों आहों, हें दादांना सांगण्याचें आम्हांला कधीं सुचलें नव्हतें. आपल्या बहिणीकडे ओंवाळून घेण्यासाठीं आम्ही ज्या रस्त्यानें जात होतों, त्याच रस्त्यावर दादा आपल्या बहिणीचें दार टाळून जात होते; आणि तें आमच्या ‘हो, हो’ या दोन शब्दांमुळें. त्यांचें बोलणें न ऐकतां मान डोलावणें आम्हांला पुन्हां विचारण्यापेक्षां सोपें वाटलें होतें. त्याचा दोष टायरांना देतां येत नाहीं.

पुतण्यानें कोणाला न विचारतां गाडी वाईच्या रस्त्याला वळविली. आत्या तेव्हां शहाऐंशींच्या. दारांत गाडी थांबलेली पाहून त्या उठल्या नाहींत, उठवत नव्हतें. “आलास?” एवढेंच म्हणाल्या. मग सुनेला तबक आणावयास सांगून वहिनींकडे वळून म्हणाल्या, “दर भाऊबीजेला निरांजन तयार ठेवतें हो. येणाऱ्याला थांबावं लागूं नये.” ओंवाळून झालें. दादांच्या खिशांत कांहींच नव्हतें; वहिनींनीं हळूच त्यांच्या हातांत ओंवाळणी दिली. कऱ्हाडास त्या दिवशीं आम्ही दिवेलागणीला पोहोंचलों, आणि बहिणीनें उशिराबद्दल एक शब्दहि काढला नाहीं.

पुढल्या वर्षाची भाऊबीजहि वाईसच झाली. त्यानंतरच्या माघांत आत्या गेल्या.

टायर अजून चांगले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं, गाडी थंड असतांना, दाराच्या खांबावरील तक्त्याप्रमाणें हवा पाहण्याचें काम पुतण्याकडे आहे. दर दहा हजार किलोमीटरांस चाकांची अदलाबदल होते. आणि आम्ही मधूनमधून तळवा उलटा फिरवून करवत लागते का तें पाहतों. परवां हिशेबाच्या जुन्या वह्या चाळतांना २०२२ सालची वही हातीं आली. वहिनींच्या अक्षरांत टायरांची रक्कम होती, तिच्याखालीं चाकांच्या तोलाची, आणि तिच्याखालीं, त्याच खात्यावर, वाईची ओंवाळणी मांडलेली होती.